लोकल, आडवी रेघ, ए

सोनईच्या सायंप्रकाश ज्येष्ठ नागरिक संघाचं सचिवपद हे काही फार मोठं पद आहे, असं कोणी म्हणणार नाही. मानधन नाही, गाडी नाही, खुर्चीसुद्धा संघाच्या पत्र्याच्या शेडमधली आणि तीही एका पायाने अधू. पण छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला घरात काय भाव असतो, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं. कानिफनाथ शेटे ह्यांना घरात दूध आणणे, गॅसची टाकी आली की सही करणे आणि ‘तुमी मधी बोलू नका’ हे ऐकून घेणे, एवढीच कामं उरली होती. शेडमध्ये मात्र ते ‘सचिव साहेब’ होते. एक जूनच्या वार्षिक सभेत सचिवाची नव्याने निवड व्हायची होती. आपलंच नाव पुन्हा यावं, एवढी एकच इच्छा उशाला घेऊन ते मे महिनाभर झोपत होते.

आडवे येणार होते ते औटी गुरुजी. ज्ञानेश्वर औटी मूळचे मिरजगावचे. प्राथमिक शिक्षक म्हणून बदली होऊन सोनईत आले त्याला अडतीस वर्षं झाली. इथेच घर बांधलं, निम्म्या गावाला पाढे शिकवले, शेवटची बदली रद्द करून घेण्यासाठी नगरला खेटे घातले. तरी गाव त्यांना अजून ‘मिरजगावकर’च म्हणे. कुणाच्या लग्नात माईकवरून ‘मिरजगावचे पाहुणे आलेले आहेत’ असा पुकारा झाला की गुरुजींचा घास घशातच अडकायचा. ह्या दुखण्यावर सचिवपद हे औषध आहे असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

आता संघाचं काम म्हणाल तर मुळात दोनच. सभासद हयात असेल तर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणे आणि हयात नसेल तर श्रद्धांजली वाहणे. दोन्ही मेसेज सभासदाला आणि त्याच्या फॉर्मवर लिहिलेल्या नातेवाइकांना जायचे. (मयत सभासदाला का, असा प्रश्न एकदा निघाला होता, पण फॉर्ममध्ये तशी तरतूद असल्यामुळे तो मागे पडला.) हे सगळं कानिफनाथराव मोबाईलवर एका बोटाने टाइप करत. जानेवारीत त्यांच्याकडून खुद्द अध्यक्ष अमृतरावांचा वाढदिवस राहून गेला. अमृतराव काही बोलले नाहीत, पण पुढचे पंधरा दिवस ‘आता आमची आठवण कशाला’ एवढंच वाक्य ते दर सभेत तीनदा म्हणाले. तेव्हाच कानिफनाथरावांनी ठरवलं की हे काम माणसाच्या भरवशावर ठेवायचं नाही.

सल्ले भरपूर आले. शेजारच्यांनी सांगितलं, कॅलेंडरवर खुणा करा. चक्कीवाल्याने सांगितलं, वहीला दोरी बांधून ती गळ्यात घाला. छबूबाईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, सांगितलं की पद सोडा. पुण्यात कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलीने, सुकन्याने, मात्र आपला जुना लॅपटॉप पाठवून दिला आणि लागोपाठ तीन रविवार फोनवरून बाबांना शेल स्क्रिप्ट लिहायला शिकवली. शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेल्या हुकमांची फाईल. संगणकाने ती वरून खाली वाचायची, जसं लिहिलंय तसं करायचं आणि स्वतःचं डोकं अजिबात वापरायचं नाही. कानिफनाथरावांना ह्यात नवीन काहीच वाटलं नाही. छत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

हुकमांच्या एका गटाला फंक्शन म्हणतात, हे ऐकून छबूबाईंनी जेवणाचं काय, असं विचारलं होतं. स्क्रिप्टमध्ये फंक्शनं दोन होती: पहिलं वाढदिवसाचं, दुसरं श्रद्धांजलीचं. दोन्हीत ज्यांना मेसेज जायचा त्यांच्या नावांची एकेक यादी, आणि कानिफनाथरावांनी दोन्ही याद्यांना सारखंच नाव दिलेलं, ‘नावे’. तिथे सुकन्या म्हणाली, “बाबा, फंक्शनच्या आत यादी सुरू करायच्या आधी ‘लोकल’ लिहायचं, मग आडवी रेघ, मग ए, मग यादीचं नाव. विसरायचं नाही.”

“का बरं?”

“लोकल लिहिलं की ती पाटी त्या घरापुरती. वाढदिवसाची पाटी वाढदिवसाच्या घरात, श्रद्धांजलीची श्रद्धांजलीच्या घरात, दोन्ही दर वेळी कोऱ्या. नाही लिहिलं तर दोघांत मिळून एकच पाटी, आणि ती ठेवलेली बाहेर अंगणात. एकाने भरली की दुसरा तशीच भरलेली उचलतो.”

“आणि तो ए?”

“ही एक वस्तू नाही, वस्तूंची ओळ आहे, एवढंच सांगायला.”

कानिफनाथरावांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि लाल शाईने खाली रेघ मारली. मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने स्क्रिप्ट रोज सकाळी सहाला आपोआप चालली. एकही वाढदिवस चुकला नाही. गावात त्यांचं नाव झालं. औटी गुरुजींना हे डाचणार नाही तर काय होणार?

एकतीस मेला सकाळी कार्यकारिणीची सभा भरली. कार्यकारिणी म्हणजे अध्यक्ष अमृतराव, सचिव कानिफनाथराव, सदस्य औटी गुरुजी आणि उपाध्यक्ष कोंडीराम साळवे. कोंडीरामभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आयुष्यभर मागून येणाऱ्या सूचना ऐकून न ऐकल्यासारख्या करण्याची सवय असल्यामुळे सभेत ते बहुधा डोळे मिटून बसत. उद्याच्या वार्षिक अहवालाला कामकाजाची प्रत जोडायची म्हणून कानिफनाथरावांनी स्क्रिप्टच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या. खरं म्हणजे थोडी ऐट मिरवायची होती. ती त्यांच्या अंगाशी आली.

गुरुजींनी चष्मा लावून प्रत वाचली. पेन्सिलीने दोन ठिकाणी गोल केला.

“सचिव साहेब, हे ‘लोकल’ काय आहे?”

“ते... यादी त्या फंक्शनपुरती ठेवायला.”

“म्हणजे फंक्शनला फक्त लोकल लोक!” गुरुजी अध्यक्षांकडे वळले. “पाहा अध्यक्ष महाराज. मी ज्या गोष्टीचा संशय घेत होतो ती इथे छापील आहे. आणि पुढे काय लिहिलंय? आडवी रेघ, ए. लोकल, ए! म्हणजे स्थानिक ते अ वर्ग सभासद. मग आम्ही कोण? ब वर्ग?”

साखर कारखान्याच्या पट्ट्यात ‘अ वर्ग’ आणि ‘ब वर्ग’ ह्या शब्दांनी भावाभावांत बोलणं बंद झालेलं आहे. अमृतराव सावरून बसले. कोंडीरामभाऊंनी एक डोळा उघडला.

“गुरुजी, तसं नाही हो,” कानिफनाथराव म्हणाले. “पाटी असते ना पाटी, ती अंगणात...”

“अंगणात कोणाला ठेवता ते दिसलंच आम्हाला,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच कापला. “अडतीस वर्षं झाली, सचिव साहेब. आता मशीनलासुद्धा शिकवून ठेवलंत का, की हा माणूस बाहेरचा म्हणून?”

अमृतराव म्हणाले, “शेटे, लई ताणू नका. उद्या सभा हाय. वस्त्यांवरची माणसं बी येनार. त्यांच्या कानावर लोकल-बिकल गेलं तर पंचाईत. शब्द काढून टाका.” कानिफनाथरावांच्या डोळ्यांपुढे वस्त्यांवरच्या सभासदांचे वर गेलेले हात उभे राहिले, आणि ते हात गुरुजींच्या बाजूने होते. ठराव क्रमांक सात: स्क्रिप्टमधील ‘लोकल’ हा शब्द त्यापुढील रेघ व ए ह्यासह सर्व ठिकाणांहून वगळण्यात यावा. सूचक ज्ञानेश्वर औटी, अनुमोदक अमृतराव. कोंडीरामभाऊ म्हणाले, “गाडी चालती हाय, तर इंजिनात हात कशापायी घालायचा?” पण ही सूचना मागच्या सीटवरून आली असं समजून कोणी लक्ष दिलं नाही.

सुकन्याला विचारावं असं कानिफनाथरावांच्या मनात एकदा आलं. पण मंजूर झालेला ठराव मुलीला विचारून अमलात आणायचा, हे हेडक्लार्काच्या रक्तात बसत नव्हतं. घरी येऊन त्यांनी ‘लोकल’च्या दोन्ही ओळी खोडल्या आणि स्क्रिप्ट चालवून पाहिली. काही म्हणता काही बिघडलं नाही. बिघडणार कसं? एकतीस मेला संघात कोणी जन्मलेलंच नव्हतं.

कारण सगळे एक जूनला जन्मले होते.

ज्या पिढीला आई-वडिलांनी नुसतं बोटाला धरून शाळेत नेऊन घातलं, तिला हे सांगायला नको. हेडमास्तरांनी विचारायचं, जन्म कधीचा? बापाने सांगायचं, थोरल्या चुलत्याच्या लग्नाच्या साली, बाजरी काढणीला. हेडमास्तरांनी मान हलवायची आणि लिहायचं, एक जून. ज्यांनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यांचा संघाचा फॉर्म भरताना कानिफनाथरावांनी स्वतःच एक जून टाकला होता, रकाना मोकळा सोडणं त्यांना सहन होत नाही म्हणून. अशा तऱ्हेने एकशे त्रेचाळीस सभासदांपैकी सत्त्याण्णव सभासदांचा वाढदिवस एकाच दिवशी येत होता. ह्या सत्त्याण्णवांत कानिफनाथराव होते, औटी गुरुजी होते, कोंडीरामभाऊही होते.

एक जूनला सकाळी सहा वाजता सत्त्याण्णव घरांत मेसेज वाजला: ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आपण शतायुषी व्हावे ही सदिच्छा.’

सहा वाजून एक मिनिटांनी त्याच सत्त्याण्णव घरांत दुसरा मेसेज वाजला.

छबूबाई ओट्याजवळ उभ्या होत्या. कानिफनाथराव चहात बटर बुडवत होते. छबूबाईंनी मोबाईल लांब धरून वाचला, जवळ आणून वाचला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, तुमी गेलात.”

“कुठं?”

“‘संघाचे आधारस्तंभ कानिफनाथ शेटे ह्यांना भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. दशक्रियेची वेळ मागाहून कळवण्यात येईल.’ खाली सही तुमचीच हाय.”

बटराचा भिजलेला अर्धा भाग चहात पडला. तेवढ्यात छबूबाईंचा फोन वाजला. सुकन्या होती.

“आई, बाबा आहेत ना?”

“हायेत की. हे काय, बटर खात्यात.”

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग फोन बाबांकडे आला.

“बाबा, लोकल काढलंत?”

“ठराव झाला गं.”

“ठराव? बाबा, ती यादी आहे! वाढदिवसाने सत्त्याण्णव नावं पाटीत टाकली आणि पाटी अंगणात तशीच राहिली. श्रद्धांजलीला स्वतःचं आज कोणीच नव्हतं, म्हणून तिने ती उचलली आणि सगळ्यांना...” तिने पुन्हा नाक ओढलं. “मेसेज बघताक्षणी कळलं होतं मला काय झालंय ते. तरी नंबर तीनदा चुकला.”

कानिफनाथरावांना एकाच वेळी फार लाज वाटली आणि फार बरं वाटलं. पण बरं वाटून घ्यायला वेळ नव्हता, कारण अंगणातून हाक आली. कोंडीरामभाऊ फाटकात उभे होते.

“मी गेलो म्हनून मेसेज आला,” कोंडीरामभाऊ म्हणाले. “म्हनलं, सोबतीला कोन कोन हाय ते बगून यावं.”

पुढचे चार तास सोनईत जे चाललं ते कोणत्याही अहवालात आलेलं नाही. फ्लेक्सवाल्याकडे नऊच्या आत अकरा ऑर्डरी आल्या. त्यातल्या तिघांनी वाढदिवसाचा फ्लेक्स आधीच सांगून ठेवला होता, त्यांचं फक्त एवढंच होतं की फोटो तोच ठेवून खालचा मजकूर बदला. फुलवाल्याचे हार संपले. राहात्याला दिलेली एक लेक अकरा माणसं टेम्पोत घालून रडत आली आणि बाप दारातच दात घासताना दिसल्यावर त्याच्यावरच खेकसली. निवडणुकीला उभं राहण्याच्या विचारात असलेल्या एका कार्यकर्त्याने तीन घरी सांत्वनाची भेट देऊन फोटो काढले. एका घरी मयत स्वतःच चहा घेऊन बाहेर आले, तर त्यांनाही फोटोत घेतलं.

कानिफनाथरावांनी नोकरीत असताना संकटकाळी जे केलं असतं तेच केलं. त्यांनी शुद्धिपत्रक काढलं: ‘आज रोजीच्या मेसेजमध्ये नजरचुकीने सत्त्याण्णव सभासद मयत झाले आहेत. तरी सदर सभासद हयात आहेत असे वाचावे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ ह्याने गोंधळ निवळला असं म्हणता येणार नाही. काही घरांत ते वाचल्यावर नव्याने रडारड झाली. शेवटी त्यांनी कपाटातून कोरा कागद काढून राजीनामा लिहिला, दोन प्रतींत, आणि सदऱ्याच्या खिशात घातला. छबूबाई आज पहिल्यांदाच ‘पद सोडा’ म्हणाल्या नाहीत. “जाऊन तर या,” एवढंच म्हणाल्या.

अकराला सभा होती. एरवी कोरम भरत नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करावी लागते आणि मग त्याच सात जणांत ती घ्यावी लागते. आज शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एकूण एक मयत हजर होते, सोबत बाहेरगावाहून धावत आलेले मुलगे, लेकी, जावई. कानिफनाथराव आत शिरले आणि आपल्या अधू खुर्चीवर अगदी कडेला टेकले.

औटी गुरुजी उठले. “ह्या माणसाने एका मिनिटात सत्त्याण्णव माणसं मारली,” ते म्हणाले. “अशा सचिवाला पदावर राहण्याचा नैतिक अधिकार नाही.”

कानिफनाथरावांनी इतिवृत्ताची वही उघडली. ठराव क्रमांक सात त्यांनी सूचक-अनुमोदकासह पूर्ण वाचून दाखवला.

“मी शब्द काढायला सांगितलं होतं,” गुरुजी म्हणाले, “माणसं नव्हे!”

टाळ्या पडल्या. कानिफनाथरावांचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात कोंडीरामभाऊ उठले, आणि ते सभेत कधी उठत नसल्यामुळे सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

“गुरुजी, सकाळी तुमच्या दारात मी बी हुतो. तुमी आत पूजेला बसलेले. बाहेर शे-दीडशे मानूस जमलं हुतं. काय म्हनत हुते आयकलं का तुमी?”

“काय?”

“म्हनत हुते, आपले गुरुजी गेले. आपल्या गावाचं मानूस गेलं. मिरजगावकर गेले असं एक बी म्हनलं न्हाई. मी मुद्दाम कान देऊन उभा हुतो.”

गुरुजी उभेच राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, तो पंच्याने पुसला आणि न लावताच खाली बसले. त्यांच्या शेजारी बसलेल्यांनी त्यांना जागा करून दिली.

मग मागच्या भिंतीजवळून झुंबरबाई उठल्या. झुंबरबाई म्हणजे गावाच्या टोकाला एकट्या राहणारी म्हातारी, एक्याऐंशीची. त्यांचा मुलगा पंकज चिंचवडला असतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि गेल्या दोन दिवाळ्यांना तो आला नाही हेही.

“मला बोलायचं हाय,” झुंबरबाई म्हणाल्या. “माझा पोरगा फोनवर रडला. म्या म्हनलं, अरं जिती हाय मी. तरी ठिवंना. म्हनतो, आई बोल, नुसती बोलत ऱ्हा. काय बोलनार म्या? कोंबड्यांचं सांगितलं. तेबी त्यानं आयकून घेतलं. आता गाडीत बसलाय म्हनं, येतोय.” त्यांनी पदर सावरला. “सचिवाला काडू नका.”

मग एक जण खाकरून म्हणाला की त्याच्या धाकट्याचाही फोन आला होता, भांडणानंतर पहिल्यांदा. दुसऱ्याच्या सुनेने नाशिकहून विचारलं होतं की मामांजी, गोळ्या वेळेवर घेता ना. बोलणारे वाढत गेले, आणि बाहेरगावाहून आलेले मुलगे एकेक करून पत्र्याकडे पाहू लागले. अमृतराव तेवढे गप्प होते. ते जानेवारीचे, त्यांना कोणाचा फोन आला नव्हता.

सचिवाची निवड बिनविरोध झाली. सूचक कोंडीराम साळवे, अनुमोदक ज्ञानेश्वर औटी, राहणार सोनई. हे ‘राहणार सोनई’ गुरुजींनी स्वतः सांगून लिहून घेतलं. पाठोपाठ ठराव क्रमांक सात रद्द करून लोकल, आडवी रेघ आणि ए पूर्ववत करण्याचं ठरलं, आणि माणसं चहाला उठली.

कानिफनाथराव वही आवरत होते. झुंबरबाई काठी टेकत टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“सायेब, ते काय लोकल घालनार म्हनं तुमी परत.”

“हो. आजच घालतो. आता काळजी करू नका, असं पुन्हा होणार नाही.”

“तेच म्हनते म्या,” झुंबरबाई आवाज बारीक करून म्हणाल्या. “समद्यांचं घाला. माझं तेवढं ऱ्हाऊ द्या, त्या अंगनातल्या पाटीत. वर्सातनं एकदाच. मला काय फरक पडतोय?”

छत्तीस वर्षांत कानिफनाथरावांनी नियमात न बसणारा एकही कागद पुढे सरकवला नव्हता.

“मावशी, तसं करता येत नाही,” ते म्हणाले. “अर्ज लागतो.”

“मग लिव्हा की तुमी. म्या अंगठा देते.”

कानिफनाथरावांनी खिशातला राजीनामा काढला, त्याची मागची बाजू कोरी आहे हे पाहून घेतलं, आणि लिहायला सुरुवात केली. ‘विषय: अर्जदार हयात असताना मुलास दर वर्षी श्रद्धांजली पाठविणेबाबत.’